कातळवाटेवरची ताठ झोळी

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसवून घ्यायचा प्रयत्नही करू नका, उगाच डोकं दुखेल. खुद्द माझाच अर्धा बसतो, तोही जेवण झाल्यावर. तरी सांगतो, कारण आज मी संतापलोय, आणि संतापलेला म्हातारा एक तर ताट सरकवतो नाहीतर गोष्ट सांगतो. ताट तर मघाशीच चाटून पुसून झालं.

राग कुणाचा, ते आधी सांगतो. ही जी आपल्या सगळ्यांकडे पाठ करून पायरीवर बसली आहे ना, ती माझी नात चैत्राली. सकाळी ती कातळवाटेच्या नाक्यावर गेली होती. कातळवाट म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यामाथ्याने उत्तरेकडून दक्षिणेला उतरणारी पायवाट. चालायला सव्वा-दीड महिना लागतो. पाऊस सरताना निघायचं आणि चांगली थंडी पडल्यावर पोचायचं. तिथे जमिनीवर तंबू ठोकायला बंदी आहे, कारण एका तंबूखाली कारवीची ढीगभर रोपं चिरडतात. झोपायचं ते दोन झाडांमध्ये झोळी टांगून. आणि यंदा तर कारवी फुलली आहे. सात वर्षांतून एकदाच फुलते ती. मागच्या खेपेला चैत्राली माझ्या खांद्यावर बसून लांबूनच जांभळा डोंगर बघून आली आणि घरी येईपर्यंत रडली, की मला आत जायचं होतं. पुढच्या खेपेला ती कुठल्या गावी, कुठल्या कॉलेजात असेल कोण जाणे.

तर नाक्यावरच्या यंत्रमानवाने तिची पिशवी ताणकाट्याला लावली आणि जड आहे म्हणून खाली ठेवली. मग झोळी टांगून दाखव म्हणाला. हिने टांगली. झोळीत बसली आणि पट्टा तुटला. सगळ्या वर्गासमोर पाठीवर आपटली. शाळेची तुकडी उद्या सकाळी निघते. निघण्याआधी नाका पुन्हा एकदा उघडेल, तेवढीच संधी. पण बाईसाहेब म्हणतात, मी जाणारच नाही. यंत्रमानव गाढव आहे, पट्टा सडका होता, कारवी गेली खड्ड्यात. त्यात तिचा बाप, म्हणजे माझाच मुलगा, "बरं झालं, कंबर मोडून घेण्यापेक्षा घरी बस," असं म्हणाला. त्यावर हिने दार असं आपटलं की भिंतीवरचं घड्याळ अजून तिरकं आहे.

मला तिच्या बापाचा राग आला. थोडा हिचाही आला. पण सगळ्यात जास्त आला त्या यंत्रमानवाचा, कारण तो माझा जुना वैरी आहे. त्याचं नाव वाटाड्या.

कातळवाट उघडली त्या पहिल्याच वर्षी मी नाक्यावर जाऊन थडकलो होतो. माझी पिशवी एवढी मोठी होती की लोकांना वाटलं, पिशवीच चालत आली आहे आणि सोबत एक म्हातारा आणलाय. आत पितळी तांब्या, स्टोव्ह, चार घोंगड्या, उशी, घडीची खुर्ची, छत्री, आरसा आणि अडकित्ता. वाटाड्या खेकड्यासारखा सहा पायांचा, पाठीवर सौरपत्रा (उन्हापासून वीज तयार करणारा पत्रा), आणि आवाज पंगतीत आग्रह करणाऱ्यासारखा मऊ. त्या मऊपणानेच माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. समोरचा ओरडला तर आपल्याला ओरडता येतं. हा "दामोदरराव" म्हणायचा आणि एकेक वस्तू बाहेर काढायचा.

प्रत्येक वस्तूला त्याचा एकच प्रश्न. हिचं दुसरं काम काय?

उशीचं काम काय, म्हणाला. मी म्हटलं, डोकं ठेवणे. आणि दुसरं? मी म्हटलं, उशीला दुसरं काम नसतं, तिला पहिलंच पुष्कळ असतं. त्यावर तो म्हणाला, "कपड्यांची पिशवी डोक्याखाली घेतली की तिची उशी होते, दामोदरराव. उशीचा मात्र सदरा होत नाही." उशी बाहेर. छत्रीही बाहेर, कारण पावसात घालायचा मोठा अंगरखा पसरला की तोच झोळीवरचं छप्पर होतो. खुर्ची बाहेर, कारण झोळीत बसताही येतं. स्टोव्हकडे तर त्याने बघितलंसुद्धा नाही.

मी भडकलो. म्हटलं, माझी पाठ, माझी पिशवी, तुझं काय जातं? तर म्हणतो, पिशवी तुम्ही सकाळी एकदा उचलत नाही, पावलागणिक उचलता. चढावर प्रत्येक पावलाला अख्खी पिशवी वितभर वर जाते. दिवसभरात वितभर वितभर करत तुम्ही एक डोंगर चढता, आणि तुमच्याबरोबर ती खुर्चीही डोंगर चढते. खुर्चीला डोंगर बघायचा आहे का, ते तिला विचारा.

अडकित्त्यावर मात्र आमची झटापट झाली. त्याने ओढला, मी दातांनी धरला. माझे दात कवळीचे. कवळी अडकित्त्यासकट त्याच्या पुढच्या पायात गेली. त्याने दोन्हींचं वजन केलं आणि कवळी मला परत दिली. म्हणाला, ही दोन कामं करते, जेवायचं आणि भांडायचं. हिला परवानगी आहे.

हसता काय? माझा त्या दिवशी अपमान झाला होता. तांब्या तेवढा त्याने बाहेर ठेवला नाही, तो पुढे लागणार होता.

मग झोळी. मी चार मुलांच्या झोळ्या बांधलेला माणूस. जुन्या लुगड्याची झोळी आढ्याला बांधायची, पोर आत टाकायचं, दोन झोके दिले की गप्प. म्हणून मी छाती काढून गेलो. पण लहान पोर झोळीत मुटकुळं करून झोपतं, आणि मला झोपायचं होतं खाटेवरच्यासारखं, ताठ. म्हणून मी नाक्यावरच्या दोन खांबांना झोळी अशी आवळून बांधली की टिचकी मारली तर तबल्यासारखी वाजावी. वाटाड्या बघत होता आणि काही बोलत नव्हता. हा त्याचा दुसरा दुर्गुण. मी झोळीत पाठ टेकली, आणि पुढच्या क्षणी पाठ जमिनीला टेकली. पट्टा तुटला होता.

पायरीवरून आत्ता नाकातून आवाज आला तो तुम्ही ऐकलात. मी ऐकला नाही असं समजा.

मी उठलो तो शिव्या देतच उठलो. पट्टा सडका आहे, तू गाढव आहेस, डोंगर खड्ड्यात गेला, सगळं म्हणून झालं. माझा श्वास संपल्यावर तो म्हणाला, "पट्टा चांगला होता. तुमच्यासारखी सहा माणसं त्याला उभी लोंबकळली असती तरी तुटला नसता. तुम्ही एकट्याने तोडला. कसा तोडला ते बघायचंय का?"

बघायचं नव्हतं. पण लोक जमले होते.

त्याने एक दोरी घेतली. मधोमध माझा तांब्या पाण्याने काठोकाठ भरून टांगला. दोरीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्याच्या पायात. आधी आम्ही जवळजवळ उभे राहिलो. तांब्या खाली लोंबत होता आणि दोरीच्या दोन्ही बाजू चिमट्यासारख्या जवळजवळ उभ्या होत्या. हाताला काही भार वाटेना. अर्धा तांब्या माझा, अर्धा त्याचा. मग म्हणाला, मागे सरका. सरकलो. दोरी वर यायला लागली आणि ओढ वाढली. आणखी सरका. आता दंड भरून आले. तांब्या तोच, पाणी तेवढंच, एक थेंब कुणी वाढवला नव्हता, आणि मी मात्र बैलासारखा टाचा रोवून उभा.

असं का, ते त्याने सांगितलं, आणि रागात असूनही मला ते कळलं, म्हणजे तुम्हालाही कळेल. दोरीला एकच विद्या येते. ती ज्या दिशेला ताणलेली असेल त्याच दिशेला ओढते. तांब्याला हवी असते वरची ओढ, कारण पृथ्वी त्याला खाली ओढते आहे. दोरी उभी असली की तिची सगळी ओढ वरच्या दिशेला, सगळी कामाची. दोरी आडवी व्हायला लागली की तिची बहुतेक ओढ बाजूला जाते, फुकट. वरच्या वाट्याला थोडीच उरते. त्या थोडक्यात तांब्या तोलून धरायचा तर मुळात फार जोरात ओढावं लागतं. त्या ओढीला म्हणतात ताण (दोरी दोन्हीकडून ओढली की तिच्या आत निर्माण होणारं बल).

आकडे ऐका. झोळीची दोरी आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करत असेल (अंश हे कोन मोजायचं माप, काटकोनात नव्वद अंश असतात) तर दोन्ही बाजूंना प्रत्येकी तुमच्या वजनाइतका ताण. दहा अंशांवर आणलीत तर जवळजवळ तिप्पट. पाच अंशांवर साडेपाचपटीहून जास्त. एका अंशावर साधारण एकोणतीस पट. म्हणजे मी त्या झोळीत एकटा नव्हतो, माझ्यासारखे पुष्कळ दामोदर होते, आणि सगळे रागावलेले.

"आणि शून्यावर?"

हे चैत्राली म्हणाली. पाठ अजून इकडेच आहे, पण प्रश्न विचारला, याची सगळ्यांनी नोंद घ्या. शून्यावर किती, हे मीही विचारलं होतं. तो मऊ आवाजात म्हणाला, तुम्हीच ओढून बघा. आता असं कुणी म्हटल्यावर मी थांबेन का? मी दोरी कमरेला गुंडाळली, कवळी घट्ट मिटली आणि जीव खाऊन ओढलं. तांब्या वर वर आला. दोरी सरळ व्हायला एवढंसंच बाकी. मी आणखी ओढलं, तरी एवढंसंच बाकी. आणि त्या खेकड्याने त्याचं टोक सोडलं.

मी उलटा उडालो तो रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बाकावरच बसलो. टपरीवाल्याला वाटलं मी गिऱ्हाईक आहे. त्याने कप पुढे केला. मी प्यायलो. काय करणार.

परत आलो तेव्हा वाटाड्याने मला हाताची खूण शिकवली. हात समोर धरायचा, तर्जनी आडवी, अंगठा उभा. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत मनात एक तिरपी रेघ ओढायची. झोळीची दोरी साधारण त्या रेघेत आली की झाले तीस अंश. त्यासाठी ना यंत्र लागतं ना वजन वाहावं लागतं. पट्टा पंजाएवढा रुंद घ्यायचा, कारण बारीक दोरीने सगळा भार एका रेघेवर येतो आणि झाडाची साल कापली जाते. रुंद पट्ट्यावर तोच भार पसरतो, दाब (ठरावीक जागेवर पडणारा भार) कमी होतो. आणि झोळ ठेवलेल्या झोळीत केळ्यासारखं वाकून झोपायचं नाही. थोडं तिरपं झोपायचं, डोकं एका कडेला आणि पाय दुसऱ्या. कापड आपोआप सपाट होतं. मला खाटेवरच्यासारखं ताठ झोपायचं होतं ना? ते झोळ ठेवूनच मिळत होतं. हे ऐकून मी आणखी चिडलो, कारण आता चिडायला कारण उरत नव्हतं.

एक उरलं होतं. माझ्या चार घोंगड्या.

नाक्यावर तेव्हा गारठाखोली होती. भर दुपारी आत शिरलं तरी माथ्यावरची पौषातली थंडी आणि वारा. वाटाड्या म्हणाला, घोंगड्या न्या आत, हव्या तशा घाला. मी चारही झोळीत अंथरल्या, वर झोपलो आणि त्याला दात दाखवले. थोड्याच वेळात ते दात आपणहून वाजायला लागले. पोट गरम होतं, अंगरखा होता ना. पाठ मात्र बर्फाच्या लादीवर ठेवल्यासारखी. चार घोंगड्या खाली असून. मी आतून ओरडलो की ही घोंगडी बोगस आहे, मेंढरं बोगस आहेत, खोलीत काहीतरी लबाडी आहे.

तो म्हणाला, घोंगडी स्वतः गरम नसते. लोकरीच्या केसांमध्ये हवा अडकून बसते, आणि अडकलेली, न हलणारी हवा उष्णतारोधक असते (अंगातली उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ न देणारी). ऊब देते ती हवा, लोकर फक्त तिला धरून ठेवते. तुम्ही त्या हवेवर झोपलात. सगळ्या वजनाने तिला दाबून बाहेर काढलंत. उरला चपटा झालेला थर, आणि खालून मोकळा वारा. जमिनीवर निदान खाली वारा नसतो, झोळीला तर खालीही आभाळच आहे.

मग त्याने एक गोधडी आणली. आत पिंजलेला भुसभुशीत धागा, इतका हलका की फुंकर मारली तर हलेल. ती त्याने झोळीत घातली नाही. झोळीच्या बाहेरून, खालून टांगली, कापडाला टेकेल पण दबणार नाही अशी. मी आत पडलो. आणि पाठ जी शेकायला लागली म्हणता. एका गोधडीने, जिचं वजन एका घोंगडीच्या कोपऱ्याएवढंसुद्धा नाही.

मला संताप कशाचा आला सांगू? बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात, हे मी जन्मभर बघत आलो होतो. ऊब पाठीला खालून लागते, हे आमच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं, तेही बाजेखालीच जाऊन पडायचं. आणि मला ते शिकवावं एका खेकड्याने.

आता तिकडे बघू नका, पण चैत्रालीने आपली पिशवी पुढ्यात ओढली आहे. फोमची गादी बाहेर आली. आपटली. जाडी रजई आली, तीही आपटली. उशी आली. आपटा, बाईसाहेब, उशीला लागत नाही. तिचाही चेंडू होतो, म्हणजे दुसरं काम करते म्हणायची.

तर घोंगड्या ठेवून ती गोधडी मी घेतली, आणि माझी पिशवी इतकी हलकी झाली की वाऱ्यात मला तिचा पट्टा धरून तिला खाली ओढावं लागायचं. मी निघालो. वाटाड्या नाक्यापाशी थांबायचं सोडून माझ्यामागे आला, माझी काळजी म्हणून. मला त्याचाही राग. सबंध वाटभर आम्ही भांडत गेलो. आमचा आवाज ऐकून रानडुकरं वाट सोडून उभी राहायची. एका अस्वलाने कानांवर हात ठेवलेले मी स्वतः पाहिले. जांभळाच्या झाडाला पट्टा बांधताना मी अंगठा उभा धरायचा आणि वाटाड्या मान डोलवायचा, आणि त्याने मान डोलवली की मला वाटायचं, मुद्दाम चुकावं.

आणि मग एक दिवस आम्ही अशा माथ्यावर पोचलो जिथे झाडच नव्हतं. नुसती कारवी, गुडघ्याच्या वर, जांभळी. पाय ठेवायला जागा नाही, मग झोपायला कुठून? समोर दोन सुळके, आणि मध्ये दरी, इथपासून त्या पाण्याच्या टाकीपर्यंत असेल एवढी. वाटाड्याचा पहिल्यांदा आवाज बदलला. म्हणाला, इथे झोळी टांगता येणार नाही, मागे फिरू.

मी म्हटलं, आता माझी पाळी. मी एक पट्टा या सुळक्याला टाकला, दुसरा फेकून त्या सुळक्याला अडकवला, आणि ओढला. असा ओढला, असा ओढला, की दोन्ही सुळके जरा आतल्या बाजूला झुकले. अजून तसेच आहेत, जाल तेव्हा बघा. मग मी वाटाड्याला पाठुंगळी घेतलं, झोळीत चढलो आणि त्याला पोटावर घेऊन आडवा झालो. आणि झोळी? एक बोटभर झोळ नाही. गवंडी लेव्हल ठेवतो ना, ती ठेवली असती तर बुडबुडा हलला नसता. पट्टी ठेवून रेघ मारावी अशी सरळ, आणि वर आम्ही दोघं. संध्याकाळच्या वेळी एक बिबट्या आला, त्याला पलीकडे जायचं होतं, तो पूल समजून आमच्या अंगावरून चालत गेला. तरीही झोळी सरळच. वाटाड्या म्हणाला, दामोदरराव, मी हरलो. तिथून पुढे—

"खोटं."

चैत्राली उठून उभी राहिली होती. तोंड आमच्याकडे, कान लाल, हातात तुटलेला पट्टा.

"बिबट्याचं राहू दे, आबा. अस्वलाचं पण राहू दे. झोळी सरळ राहूच शकत नाही. तुम्ही दोघं वर बसलेले, म्हणजे वजन खाली ओढणार, मग कुणीतरी वर ओढायला नको का? सरळ दोरी नुसती बाजूला ओढते, वर जराही ओढत नाही. वाटेल तेवढा ताण लावा, तीसपट लावा, हजारपट लावा, तरी एवढंसं बाकी राहणारच. तांब्याच्या वेळी राहिलंच होतं ना, तुम्हीच सांगितलंत. शून्य होतच नाही. शून्य व्हायच्या आधी पट्टा तुटतो, जसा सकाळी माझा तुटला. म्हणून तुम्ही खोटं बोलताय, आणि तोंड लपवून हसताय ते मला दिसतंय. आता उठा. मला नवीन पट्टा द्या, ती हलकी गोधडी कुठे ठेवली आहे ती काढा, आणि अंगणातल्या त्या दोन आंब्यांमध्ये मी झोळी बांधते तोवर समोर अंगठा धरून उभे राहा. उद्या नाका उघडायच्या आधी मला तिथे पोचायचंय."